ताईच्या आवाजात

३ नोव्हेंबर

धाकटे,

आशीर्वाद आधी, बाकीचं मग.

तुझं पत्र आधी घरी गेलं, तिथून वाचनघराच्या चिटणीस बाईंनी इकडे पाठवलं. त्यामुळे तुझ्या गळ्यातल्या गाठीची बातमी मला समुद्रासमोर खुर्ची टाकून वाचावी लागली. वाईट वाटलं. अक्षर मात्र तुझं सुधारलंय हो.

समुद्रावर कसा, असं विचारशील. चिटणीस बाईंनी हाकललं. "सर, जरा हवापालट करून या," म्हणाल्या. मी म्हटलं, माझी तब्येत उत्तम आहे. तर म्हणतात, "तुमच्या नाही, आमच्या तब्येतीसाठी म्हणतेय." तुझी ताई गेल्यापासून मी वाचनघराला एकही दिवस कुलूप लागू दिलेलं नाही. अंध माणसं रविवारीही अंधच असतात, असं मी एकदा बाईंना म्हणालो होतो. ते त्यांनी मनात ठेवलेलं दिसतं.

तर असा मी इथे. गर्दीचा हंगाम अजून यायचाय, लॉजमध्ये मी आणि मालकीण. समोर राखाडी पाणी, पलीकडे खडकावर एक दीपगृह. ते पाहिलं आणि सातवीचा वर्ग आठवला. खडूची धूळ, खिडकीतून तिरपं ऊन, आणि एका सुरात हेल काढणारी पोरं:

दीपगृहा रे, दीपगृहा, तू जागा का रे राती?
परतुन येत्या गलबतांसवे जोडित बसतो नाती.

कवीचं नाव आता कोणालाच ठाऊक नाही. कवितेला त्याची गरजही नाही.

आता तुझ्या गाठीकडे येतो. तू लिहितेस, डॉक्टर म्हणतात लवकर काढून टाका. आत्ता काढली तर आवाज बहुतेक टिकेल, लांबवलं तर आवाजाची नस गाठीत सापडेल. आणि शेवटी लिहितेस, "बाबा, त्या दिवशी माझ्याजवळ बसायला याल का?"

येईन की. बाप आहे मी. पण त्या 'बहुतेक' शब्दाशी मी अडकलो. बहुतेक म्हणजे नक्की नाही. मग आवाज नक्की आहे तोवर त्याच्याकडून काम करून घेतलेलं बरं नाही का?

आपला नियम तुला ठाऊक आहे. एका आवाजात ध्वनिमुद्रित होऊ लागलेलं पुस्तक त्याच आवाजात संपवायचं. ऐकणाऱ्याच्या कानाशी मध्येच दुसरा आवाज आला, तर घरातलं माणूस उठून गेल्यासारखं होतं त्याला. हा नियम ताईनंच घातला होता. म्हणूनच, ती रस्त्यात त्या ट्रकखाली गेल्यावर तिची अर्धी राहिलेली कादंबरी तू पूर्ण केलीस, तिचं नाव सांगून. एकाही श्रोत्याला कळलं नाही. एकाच साच्यातून काढलेले दोन आवाज. त्यानंतरची पुस्तकं तिनं सुरूसुद्धा केली नव्हती, मग तीही तिच्या नावानं का वाचायला लावलीत, हा तुझा जुना मुद्दा. तो पुन्हा काढू नकोस. श्रोते तिला मागत होते. तुला कोणी मागितलं नव्हतं.

पण हे अर्धं राहिलेलं शाळेच्या कवितांचं पुस्तक तिचंच आहे. सात कविता तिनं स्वतः वाचल्या आहेत. आठव्या कवितेपासून राहिलंय, आणि 'दीपगृह' अगदी शेवटी आहे. तेवढं पुरं कर आणि मग खुशाल टेबलावर झोप. महिनाभरानं काय होतंय? गाठ काही कुठे पळून जात नाही.

तुम्हां दोघींचा,
बाबा


९ नोव्हेंबर

धाकटे,

शाबास. तू हो म्हणणार हे मला माहीत होतं. लहानपणीही तू आधी रडायचीस आणि मग ताईचं दप्तर उचलायचीस.

तुझ्या दोन अटी वाचल्या. पहिली, पुस्तक संपलं की मी तुझ्याकडे यायचं आणि ऑपरेशन होईपर्यंत तिथेच राहायचं. मान्य. दुसरी, शेवटी तुझ्या नावानं सांगायचं की आठव्या कवितेपासून वाचन तुझं आहे, आणि मागच्या पुस्तकांनाही तशी ओळ जोडायची. यावर सवडीनं बोलू. आधी लगीन पुस्तकाचं. तू मात्र सुरुवातीला नेहमीसारखंच म्हण: पुस्तकाचं नाव, मग 'वाचन', मग ताईचं नाव. सवय मोडायला नको.

ध्वनिमुद्रणाचं यंत्र तुझ्याकडे आहेच. कपड्यांच्या कपाटात बसून वाच, दार लोटून घे. कोट आणि शाली आवाज शोषून घेतात. ताई म्हणायची, कपाटात बसलं की पुस्तक कानात बोलतं. वाचायच्या आधी आंबट सफरचंदाची एक फोड खा, म्हणजे जीभ टाळूला चिकटून चट्चट् होत नाही. पान उलटताना बोलू नकोस. नातीला शेजारी पाठव. तुझ्या आईलाही सांग, त्या वेळेपुरती भांडी घासू नको म्हणावं. गेली तीन वर्षं ती तुझ्याकडे राहते, तेव्हा एवढं तुझं ऐकेल.

गिळताना दुखतं म्हणतेस. मग गिळू नकोस. एक कविता संपेपर्यंत थुंकी धरून ठेवता येते, आम्ही शाळेत आख्खा तास धरायचो.

आणखी एक. इथे फोन करू नकोस. राग मानू नकोस, पण खरं सांगतो. तू फोनवर "बाबा" म्हणतेस तेव्हा क्षणभर ती असते. मग तू दुधाचं, नातीच्या शाळेच्या बसचं, जावईबापूंच्या पाठदुखीचं सांगायला लागतेस, आणि ती जाते. दर वेळी जाते. म्हणून मी तुला पत्रं लिहितो. पत्राला आवाज नसतो, त्यात तू तूच असतेस आणि त्याचा त्रास होत नाही.

सकाळी वाळूवर फिरलो. ओहोटीनंतर वाळूवर बारीक बारीक रेघा राहतात, जणू एखाद्या ढ पोराची शुद्धलेखनाची वही. मन हलकं झालं.

बाबा


१७ नोव्हेंबर

धाकटे,

चार-पाच कविता झाल्या म्हणतेस. बरं चाललंय. पण मध्ये दोन दिवस घसा बसला म्हणून वाचलं नाहीस, ते कळलं. गरम पाण्याच्या गुळण्या कर. शाळेत चाळीस पोरांवर ओरडून माझा घसा दर आठवड्याला बसायचा, म्हणून मी कधी वर्ग सोडला नाही.

इथली गंमत सांगतो. संध्याकाळी मी व्हरांड्यात बसून ताईची ध्वनिमुद्रणं ऐकतो. मालकीण धुतलेल्या चादरी घडी करत असते. बाई मोठी बोलकी, नवरा बोटीवर स्वयंपाकी आहे, वर्षातून दोनदा येतो. "एवढाच नवरा पुरे," म्हणते. परवा तिचे हात थांबले.

"कोण हो ही वाचतेय?"

"माझी मुलगी."

"काय गोड आवाज! एकुलती एक का?"

मी काही बोललो नाही. तिनं तेच हो समजलं. मी खोटं बोललो नाही, एवढं लक्षात घे. ती म्हणाली, "बोलवा की तिला इकडे. शेजारची खोली रिकामीच आहे, पैसे नका देऊ. रोज दोन पानं माझ्यासाठी वाचली म्हणजे फिटलं." आणि खरोखरच तिनं ती खोली झाडली, खिडकीला धुतलेला पडदा लावला. पलंगाची बाजूसुद्धा बदलली, समुद्र दिसावा म्हणून. मी ते पाहत उभा राहिलो. फार वर्षांनी कोणीतरी माझ्या ताईसाठी अंथरूण घालत होतं. मला अडवावंसं वाटलं नाही.

आता मी रोज त्या खोलीत जाऊन पडदा सारतो आणि तिला समुद्र दाखवतो. हसू नकोस.

त्या कादंबरीचा शेवटचा भाग लावला होता, म्हणजे तू वाचलेला. मालकीणबाई डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, हिला काहीतरी दुःख आहे हो. शब्दाच्या शेवटाला आवाज खाली पडतो." मी म्हटलं, ती वाचनाची ढब आहे. आतून मात्र जरा तुझा राग आला. ताई कधी शब्दाचा शेवट पाडत नसे. ते तुझं. सांभाळ.

तुझ्या आईचा निरोप तू लिहिलास ते बरं केलंस. मी मेलेलीला कडेवर घेतो आणि जितीला चालायला लावतो, असं म्हणते ना? बोलण्यात तिचा हात कोण धरणार! तिला सांग, जितीला पाय आहेत.

आणि हे नातीनं काढलेलं चित्र का पाठवलंस? चित्रात तू, मी आणि एक पलंग. मी पलंगाजवळ खुर्चीवर. छान आहे. खुर्चीला तीनच पाय काढलेत तिनं, दाखव तिला.

तुम्हां दोघींचा,
बाबा


२४ नोव्हेंबर

धाकटे,

फोन करू नकोस असं मी स्पष्ट लिहिलं होतं.

मी किनाऱ्यावर होतो. परत आलो तर मालकीणबाई दारातच, ओले हात तसेच.

"आजोबा, तुमच्या मुलीचा फोन! ती वाचणारी! मी आवाजावरून लगेच ओळखलं. मी म्हटलं, अगं बाई, तुझी खोली तयार आहे, कधी येतेस? तर ती एकदम गप्प झाली."

"मग?"

"मग म्हणाली, कोणाची खोली? मी म्हटलं, तुझीच की, एकुलत्या एका लेकीची. त्यावर तिनं एवढंच सांगितलं की बाबांना म्हणावं, डॉक्टर सोमवारी ऑपरेशन करा म्हणतात, आता थांबूच नका म्हणतात. बाबांनी फक्त 'कर' म्हटलं तरी पुरे. रडत होती हो. कसलं ऑपरेशन?"

मी म्हटलं, चुकीचा नंबर लागला असेल.

"चुकीचा? अहो, तोच आवाज! मी काय बहिरी आहे?"

"एकसारखे आवाज असतात बाई जगात," मी म्हटलं.

 ती पदराला हात पुसून आत गेली. तेव्हापासून चहा मुकाट्यानं आणून आदळते. त्या खोलीला तिनं कुलूप घातलं, किल्ली मागितली तर म्हणाली, "येणार असेल तिनं मागावी."

बघ, तुझ्या एका फोननं काय झालं.

'कर' म्हणावं, अशी तुझी अपेक्षा. फोनवर मी ते म्हणू शकलो असतो, हे खरं. फोनापर्यंत गेलोही होतो. पण उचलून काय करायचं? तू "बाबा" म्हणणार आणि मी तिला हो म्हणणार की तुला? म्हणून पत्र लिहितोय. हे तुझ्या हाती पडेल तोवर सोमवार गेलेला असेल, याची मला जाणीव आहे. तोपर्यंत तू आपल्या बुद्धीनं ठरवशील. मोठी झालीस आता.

मी तुला थांब म्हणत नाही. फक्त एवढंच सांगतो की 'दीपगृह' राहिलंय. त्याच्यावाचून पुस्तक म्हणजे पाय नसलेली खुर्ची. मी समोर बघतो तर ते खरं दीपगृह उभं आहे आणि त्याला वाचायला कोणी नाही. लहानपणी ताई टेबलावर चढून ती कविता म्हणायची आणि तू खाली बसून टाळ्या वाजवायचीस. ताल अगदी पक्का होता तुझा. एवढं आठव आणि मग काय ते कर.

जावईबापूंचंही पत्र आलं. नकाशे काढणारा माणूस, पत्रसुद्धा पट्टी लावून लिहितो. "ती सोमवारी जाणार होती. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते म्हणते. मी तिला समजावून थकलो. तुम्ही आज फोन करा." सासऱ्याला ही भाषा! मी उत्तर दिलं नाही. नवरा-बायकोच्या मध्ये मी पडत नाही.

बाबा


८ डिसेंबर

धाकटे,

तुझ्या वाचनाचं, यंत्रातलं कार्ड मिळालं. आणि त्याच टपालानं जावईबापूंचं पाकीटही. तेव्हा दोन्हीबद्दल लिहितो.

मी निघालोच होतो, यावर तुझा विश्वास बसणार नाही. कार्ड आलं म्हणजे पुस्तक संपलं, म्हणून ठरल्याप्रमाणे पिशवी भरली होती. मालकीणबाईनं न विचारता डबाही दिला, म्हणाली, "चुकीच्या नंबरकडे चाललात वाटतं? उशिरा का होईना." मग जावईबापूंचं पाकीट उघडलं. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव वाचला. नस मात्र गाठीत गुरफटली होती, ती कापावी लागली. तू आता पाटीवर लिहून बोलतेस. हे वाचलं आणि पिशवी खाली ठेवली. आलो असतो तर तू बोलणार नाहीस, मी एकटाच बोलणार. ही कसली भेट? आणि दवाखान्याचा वास मला ताईच्या वेळेपासून सहन होत नाही. तुझी आई आहे तिथे, ती माझ्यापेक्षा शांत बसते.

डबा वाया गेला नाही. व्हरांड्यात बसून खाल्ला आणि कार्ड लावलं.

तू माझं सगळं ऐकलंस, हे कबूल करतो. सुरुवातीला ताईचं नाव घेतलंस. चट्चट् नाही, पानांचा आवाज नाही. पहिल्या काही कविता ऐकताना मी डोळे मिटून वर्गात जाऊन बसलो. पण बाराव्या-तेराव्या कवितेपासून आवाज खरखरायला लागतो. पुढे पुढे ओळीच्या मध्येच श्वास तुटतो. एका ठिकाणी तू चक्क थांबून म्हणतेस, "बाबा, पाणी पिते हं जरा." आणखी एका ठिकाणी, "बाबा, आज एवढंच जमतंय." असलं मधलं बोलणं कापून टाकायचं असतं, किती वेळा सांगितलंय.

आणि मग 'दीपगृह'. पहिली ओळ बरी. 'गलबत' या शब्दावर आवाज फाटला. फाटला तो फाटलाच, पुढची सगळी कविता तू जवळजवळ श्वासानंच म्हटलीस. शेवटी तुझं नाव सांगशील, अटीप्रमाणे, असं मला वाटलं होतं. मी त्यासाठी मन घट्टही केलं होतं. पण तू ओठ हलवलेस तेवढंच ऐकू येतं. शब्द नाहीच.

मालकीणबाई जिन्यात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आजोबा, ही पोर आजारी आहे." मी यंत्राचा आवाज कमी केला. ती मोठ्यानं म्हणाली, "अहो, तुम्हांला ऐकू येत नाही का? ही पोर मरणाची आजारी आहे!"

तिचं ते वाक्य मला लागलं. रात्रभर नाही, पण बराच वेळ मी त्याचा विचार करत बसलो. कारण हे पुस्तक मी घराघरांत पाठवलं असतं, तर प्रत्येक श्रोत्यानं हेच म्हटलं असतं. त्यांना वाटलं असतं, ताई आजारी होती. ती शेवटी झिजत गेली, तिचा श्वास तुटायचा, तिला पाणी लागायचं. आणि हे खरं नाही. ताई एकही दिवस आजारी पडली नाही. सकाळी सफरचंद खाऊन ती घरातून निघाली आणि एका क्षणात गेली. तिच्या अंगावर हे आजारपण मी चढू देणार नाही.

म्हणून मी ते कार्ड पुसून टाकलं. तेवढी एकच प्रत होती, हे मला माहीत आहे. त्या पहिल्या बऱ्या कविताही गेल्या. नियम म्हणजे नियम, एकाच पुस्तकात दोन आवाज नकोत. ताईच्या सात कविता सुखरूप आहेत, काळजी करू नकोस.

जावईबापू लिहितात, आवाज परत येणार नाही. खाली रेघसुद्धा मारली आहे, पट्टीनं. डॉक्टर लोकांना पहिल्यापासून घाबरवायची सवय असते आणि घरचे लगेच नकाशे काढायला बसतात. मी शाळेत तोतरी पोरं पाहिली आहेत, मुकी म्हणून आणलेली पाहिली आहेत, वर्षाअखेर तीच पोरं स्नेहसंमेलनात कविता म्हणायची. थोडा सराव लागतो. रोज आरशासमोर बसून नुसते ओठ हलव, स्वर मागून येईल.

चिटणीस बाईंना मी कळवलंय की पुस्तकाला वेळ लागेल. त्यांनी उलट टपाली कळवलं की खुशाल लागू दे, तुम्हीही तिकडेच राहा. तेव्हा मी आहे इथेच. समुद्र छान आहे.

तू सावकाश बरी हो. मग आठव्या कवितेपासून वाचायला बस. आता मला काही घाई नाही.

बाबा